देवाच्या हाती आहे म्हणताना: आत्मिक संघर्षातील अनुभव

आवाहन

आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये साक्ष देण्याची, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केले ते सर्वांसमोर सांगण्याची, रीत आहे आणि साक्ष बहुधा विजयाचीच असते: आजार बरा झाला, नोकरी लागली, व्यसन सुटले. ज्यांचा आत्मिक संघर्ष अद्याप चालू आहे त्यांना अशा वेळी उठून बोलायला जागाच उरत नाही. म्हणून हा धागा. बायबलमधील ईयोबाच्या पुस्तकात, पहिल्या दोन अध्यायांत, ईयोबाला छळू पाहणाऱ्या सैतानाला देवाने मर्यादा आखून दिलेली दिसते. लूककृत शुभवर्तमानाच्या २२ व्या अध्यायात, सैतानाने तुम्हांला गव्हासारखे चाळण्याची मागणी केली आहे, असे प्रभू येशू आपला शिष्य पेत्र याला सांगतो. ती मागणी फेटाळली असे मात्र तो म्हणत नाही, तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी विनंती केली आहे एवढेच सांगतो. देवाचे सार्वभौमत्व मानल्याने चाळणी चुकत नसेल, तर त्यावर भरवसा ठेवणे म्हणजे रोजच्या जगण्यात नेमके काय, हे आपापल्या अनुभवातून लिहावे. नाव देण्याची आवश्यकता नाही.

उत्तन, मच्छीमार

१७ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याजवळून गेले आणि नांगरून ठेवलेली आमची होडी खडकावर आपटून फुटली. घरी येणारा प्रत्येक जण "देवाची इच्छा" म्हणून जात होता. ते खरे असेलही. परंतु ज्याची होडी शाबूत आहे त्याने ते पहिल्याच दिवशी म्हणू नये, असे माझे मत आजही आहे. पुढे १ जूनपासून मासेमारीबंदी लागली. हाताला काम नाही आणि कर्जाचा हप्ता थांबत नाही, अशा त्या दिवसांत मी देवाशी अक्षरशः भांडत होतो.

मार्काच्या शुभवर्तमानातील चौथ्या अध्यायातले वादळ लहानपणापासून ऐकलेले होते. या वेळी वाचताना प्रभू कुठे निजला होता तिकडे लक्ष गेले. तो वरामावर, म्हणजे होडीच्या मागच्या अंगाला, उशी घेऊन झोपला होता. आमच्याकडे ती तांडेलाची जागा. सुकाणू तिथेच असते. आम्ही बुडतो याची तुला काळजी नाही काय, असे शिष्यांनी त्याला उठवून विचारले, आणि त्या विचारण्याबद्दल त्याने कुणाला होडीबाहेर काढले नाही. ऑगस्टपासून मी दुसऱ्याच्या होडीवर खलाशी म्हणून जाऊ लागलो. राग लगेच गेला नाही, तो पुरा हंगाम माझ्याबरोबर समुद्रावर होता.

वसई, निवृत्त शिक्षिका

यजमान गेल्यानंतर माझी प्रार्थना आटली. मिस्सा चुकत नव्हती, संध्याकाळी नातवंडांबरोबर रोझरीही होत असे. मात्र ओठ हलत आणि मन जागचे हलत नसे. कुणाला सांगावे तर, बाईंचा विश्वास डळमळला, अशी चर्चा होण्याची भीती. मदर तेरेसा यांची खासगी पत्रे त्यांच्या निधनानंतर दहा वर्षांनी, २००७ साली, प्रसिद्ध झाली आणि त्यांनी वर्षानुवर्षे सोसलेला आतला अंधार जगाला कळला, तेव्हा ही पत्रे छापायलाच नको होती असे म्हणणाऱ्यांत मीही होते. पुढे त्या पत्रांचाच मला आधार झाला.

आमच्या फादरांनी उपदेश न करता स्तोत्र ८८ रात्री मोठ्याने वाचायला सांगितले. बहुतेक विलापस्तोत्रे शेवटाकडे स्तुतीला लागतात. हे स्तोत्र अंधारातच संपते. तरीही त्याची पहिली हाक तारण करणाऱ्या देवालाच आहे, आणि ख्रिस्तसभेने ते शुक्रवारच्या रात्रप्रार्थनेत ठेवलेले आहे. म्हणजे ज्या रात्री माझ्याकडे शब्द नसतात त्या रात्रीसाठीची तजवीज माझ्या जन्माच्या कितीतरी आधी झालेली आहे. देवाच्या सत्तेविषयीचे पुष्कळ प्रबोधन मी ऐकले आहे, पण ती सत्ता मला समजली ती इथे.

दापोली तालुका, शेतकरी

मी बाप्तिस्मा घेतला, पत्नीने घेतला नाही. घरात भांडण नाही. चैत्रात ती माहेरच्या पालखीला जाते, रविवारी मी उपासनेला जातो. माझी लढाई वेगळीच आहे. तिच्यासाठी प्रार्थना करताना मी केव्हा देवावर विसंबतो आणि केव्हा तिच्यावर दबाव आणण्यासाठी प्रार्थनेचे निमित्त करतो, हे माझे मलाच कळत नाही. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी जन्मलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० साली झाला. हा दाखला देऊन, तुमचेही तसेच होईल, असे मला मंडळीतले लोक धीर देतात. तसेच होईल असे वचन मला कुठेही मिळालेले नाही. कुणाचे मन केव्हा वळवायचे हे देवाच्या अधिकारात आहे, एवढे धरून मी तिच्याशी वाद घालणे सोडले आहे.

चिपळूण, दुकानदार

आमचे घराणे आजोबांपासून ख्रिस्ती आहे, परंतु करणीची भीती आजोबांबरोबर गेली नाही. धाकट्या भावाचे आजारपण चालू असतानाच २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी बाजारपेठेत शिरले आणि दुकानातील सगळा माल चिखलात गेला. फावड्याने गाळ उपसताना उंबऱ्याशी टाचण्या टोचलेले एक लिंबू निघाले. वास्तविक त्या पुरात गॅस सिलिंडरपासून गाद्यांपर्यंत अवघ्या गावाच्या वस्तू इकडच्या तिकडे झाल्या होत्या. लिंबू कुठूनही आले असेल. पण आत्या म्हणाली, "अरे, एकदा विचारून घ्यायला काय जातंय? देवरुषी काही तुझा धर्म काढून घेत नाही." त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि खरे सांगायचे तर जावेसे वाटले.

पाळकांबरोबर बसून ईयोबाचा दुसरा अध्याय वाचला. परवानगीवाचून सैतान बोटही लावू शकत नाही, हे वाचून ज्यांना लगेच शांती मिळते त्यांचे मला नवल वाटते. माझे ओझे आधी वाढले. करणी मानली की वैरी सापडतो, उतारा सापडतो, ठरलेले पैसे दिले की काहीतरी केल्याचे समाधान मिळते. सगळे देवाच्या हाती आहे असे मानले की संशय घ्यायला शेजारी उरत नाही आणि द्यायला कोंबडाही उरत नाही. ज्याने हे होऊ दिले त्याच्याच पायाशी जाऊन बसावे लागते. ईयोबाला शेवटी देव भेटतो, परंतु त्याच्याविषयी स्वर्गात देव आणि सैतान यांच्यात झालेले संभाषण त्याला कधीच सांगितले जात नाही. हे ध्यानात आले तेव्हा कारण शोधणे मी थांबवले. लिंबू गाळाबरोबर टोपलीत घालून नगरपालिकेच्या डंपरमध्ये टाकले. आत्या महिनाभर बोलली नाही. भाऊ अजून पूर्ण बरा नाही, आणि एखाद्या रात्री ती भीती अजूनही येते. तेव्हा मी पत्नीला उठवतो आणि आम्ही दोघे प्रार्थना करतो.

सावंतवाडी, परिचारिका

वरील अनुभवांना एक जोड द्यावीशी वाटते. प्रत्येक अंधार सैतानाचा हल्ला नसतो. मला नैराश्याचा आजार आहे आणि तो उपवास-प्रार्थनेने जाईल असे सांगणाऱ्यांमुळे डॉक्टरांकडे जायला मला उशीर झाला. बायबलमधील १ राजे या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात एलीया संदेष्टा मरण मागतो, तेव्हा देव त्याला बोल लावत नाही. त्याला झोपू देतो, भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, आणि बोलणे पुढे होरेब डोंगरावर होते. गोळ्या देणाऱ्या डॉक्टरांवरही देवाचीच सत्ता आहे. कुणाला झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, जीव नकोसा वाटत असेल, तर पाळकांना जरूर सांगावे आणि त्याच आठवड्यात जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागातही जावे.