नेक्रोमन्सरचं पात्र रोलप्लेसाठी कसं बांधावं?

प्रश्न: ‘हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३’ (१९९९) या संगणक खेळातल्या नेक्रोमन्सर (मेलेल्यांना उठवणारा जादूगार) सेनापतीवरून रोलप्लेसाठी, म्हणजे आळीपाळीनं पोस्ट लिहून पात्रं रंगवायच्या खेळासाठी, पात्र लिहायला घेतलंय. आकडे, जादू सगळं जमलंय, पण माणूस काही उभा राहत नाही. सुरुवात कुठून करू?

उत्तर १: खेळाच्या नियमांतूनच करा. नेक्रोमन्सीमुळे लढाई जिंकल्यावर मेलेल्या शत्रूंपैकी काही सांगाडे होऊन सैन्यात येतात. म्हणजे कालचा शत्रू आज याच्याच रांगेत उभा. मग तो त्यांचे चेहरे लक्षात ठेवतो का? एखाद्याचा भाऊ परत मागायला आला तर काय करतो? दुसरं म्हणजे, मृतांना मनोधैर्याचा नियम लागत नाही, पण सोबतच्या जिवंत तुकड्यांचं मनोधैर्य मात्र खचतं. लगेच प्रसंग मिळतो: धनुर्धारी आपले तंबू सांगाड्यांपासून लांब ठोकतात, रात्रभर शेकोटी विझू देत नाहीत, आणि सेनापतीला ते दिसतं.

उत्तर २: वरचं अगदी पटलं. शिवाय सैन्यात जागा सातच. आठवी तुकडी आली की कुणाला सोडायचं, त्यावरून स्वभाव कळतो.

उत्तर ३: रोलप्ले बिघडतो तो अजिंक्य पात्रामुळे. समोरच्याला करण्यासारखं काही उरतच नाही. म्हणून दुसऱ्या खेळाडूला वापरता येईल अशी एक उणीव पहिल्याच पोस्टमध्ये दाखवा. पोस्ट पाच-सहा वाक्यांची, शेवट अर्धवट कृतीवर: हात पुढे केलाय, तो धरायचा की नाही हे समोरच्यानं ठरवावं. त्याच्या पात्राची प्रतिक्रिया तुम्ही लिहू नका.