नागपूर–मुंबई विमान: तिकिटावरचा दीड तास धरायचा की जास्त?

मदत हवी आहे, राजेहो. आई पुढच्या महिन्यात सोनेगावहून (नागपूरचं विमानतळ) मुंबई आणि तिथून पुढे दुबईला एकटीच चाललीय. नागपूर–मुंबई हवाई अंतर जेमतेम ६८५ किमी. ताशी ८०० नं गेलं तर तासही लागू नये, पण तिकिटावर १ तास ३५ मिनिटं! धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं-उतरणं यात वेळ जातो हे समजतं. मुंबईवर घिरट्या किती वेळ घालतात, ते सांगा.

दोन्ही तिकिटं वेगळी काढली (चूक माझीच), म्हणजे बॅग घेऊन पुन्हा चेक-इन. मधे साडेतीन तास आहेत. पुरतील का? की सकाळचंच विमान घेऊ? आईचे गुडघे दुखतात, व्हीलचेअर सांगितलीय.