५० मिमी एफ १.४ : डोळ्यांऐवजी कान सुस्पष्ट येतात, दोष लेन्सचा की माझा?

सावलीवेडा (प्रश्न)
बरीच वर्षे ५० मिमी एफ १.८ लेन्स वापरल्यानंतर मी अलीकडे एफ १.४ घेतली (एफचा आकडा जितका लहान, तितके लेन्सचे छिद्र, म्हणजे अ‍ॅपर्चर, मोठे). कॅमेरा फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला, आहे. दीड मीटरवरून व्यक्तिचित्र काढताना मी मधल्या बिंदूने डोळ्यावर फोकस लॉक करतो आणि मग चौकट जुळवून घेतो. व्ह्यूफाइंडरमध्ये (डोळा लावून पाहायच्या खिडकीत) सारे नेटके दिसते, छायाचित्रात मात्र डोळे मऊ आणि कान लख्ख येतात. फोकस बरोबर बसला तरी एफ १.४ ला प्रतिमेवर धुक्याचा पातळ पदर जाणवतो. लेन्स परत करावी का?

तिपाई
एवढ्यात नको. कान लख्ख येतात, यातच उत्तराचा धागा आहे. दीड मीटरवर एफ १.४ ला सुस्पष्टतेचा पट्टा पुढचा-मागचा मिळून जेमतेम ७ सेंटिमीटर असतो. फोकस लॉक करून कॅमेरा १५ अंश वळवला, की फोकसचे प्रतल (ज्या सपाट पातळीवर सर्वांत सुस्पष्ट येते ती) त्याच्यासोबत फिरते, डोळा मात्र जागेवरच राहतो, आणि ते प्रतल डोळ्यामागे सुमारे ५ सेंटिमीटर जाते. एफ १.८ ला हाच पट्टा जवळजवळ १० सेंटिमीटरचा असल्यामुळे आपली जुनी सवय त्यात कशीबशी झाकली जात होती. यापुढे चौकट आधी ठरवून डोळ्याजवळचा फोकस-बिंदू निवडावा. कडेचे बिंदू कमी प्रकाशात अडखळतात, तेवढे सोसावे लागेल. व्ह्यूफाइंडरवर विसंबू नये, कारण आजच्या डीएसएलआरमधील फोकसिंग स्क्रीन (व्ह्यूफाइंडरमधली प्रतिमा जिच्यावर पडते ती काच) एफ १.४ चा खरा उथळपणा दाखवतच नाही.

अर्धछाया
वरील मताशी सहमत आहे, पण धुक्याचे कारण निराळे आहे. भिंगाच्या कडेने येणारे किरण मधल्या किरणांच्या बिंदूवर न मिळता किंचित पुढे-मागे मिळतात. हे गोलीय विपथन होय. एफ २ ते २.८ पर्यंत अ‍ॅपर्चर लहान केले, की कडेचे किरण अडतात आणि पदर बहुतेक विरतो. मला स्वतःला व्यक्तिचित्रात तो पदर आवडतो, हा भाग वेगळा. समोरून उजेड येत असेल तर हूड (लेन्सपुढचा आडोसा) अवश्य लावावा.

तरीही लेन्सविषयी शंका असेल, तर कॅमेरा तिपाईवर ठेवून तिरप्या ठेवलेल्या छापील पानाच्या एकाच ओळीवर, आधी व्ह्यूफाइंडरमधून आणि नंतर लाइव्ह व्ह्यूमधून (कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर पाहून) फोकस करून, एफ १.४ लाच प्रत्येकी चार-पाच छायाचित्रे घ्यावीत. लाइव्ह व्ह्यूमध्ये फोकस सेन्सरवरूनच ठरतो. तेथे ओळ बरोबर आली आणि व्ह्यूफाइंडरने दरवेळी एकाच दिशेला चुकली, तर कॅमेऱ्यातील एएफ फाइन ट्यूनने (स्वयंचलित फोकस किंचित पुढे-मागे जुळवण्याच्या सोयीने) दुरुस्ती होते.

सावलीवेडा
चाचणी घेतली. दोन्ही प्रकारे तीच ओळ सुस्पष्ट आली, तेव्हा कानांचे खापर माझ्याच मनगटावर फुटते. लेन्स ठेवतो आहे. धुक्याबद्दल मात्र माझे मत अजून बनायचे आहे.