बॉट्युलिझम विभागात बदली होतेय. आपल्या रिपोर्टचा नेमका उपयोग काय?

दवबिंदू:
नमस्कार मंडळी. मी सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळेत मायक्रोबायोलॉजिस्ट आहे. आजवर पाणी आणि साल्मोनेला केलं, आता बॉट्युलिझम विभागात जायचंय, म्हणजे जिवाणूच्या विषाने अंग लुळं पडण्याचा आजार. सगळ्यात जहाल विष म्हटल्यावर घरचे धास्तावलेत. मला मात्र वेगळाच प्रश्न छळतोय. हे विष शोधणारी उंदरांवरची चाचणी चार दिवसांपर्यंत चालते आणि डॉक्टर त्याआधीच अँटिटॉक्सिन, म्हणजे विषावरचा उतारा, देतात. मग रिपोर्ट कुणासाठी?

जुनीपाळी:
दवबिंदू, डॉक्टरांनी थांबूच नये. अँटिटॉक्सिन फक्त रक्तात फिरणारं विष बांधतं. मज्जातंतूच्या टोकात शिरलेल्या विषावर त्याचा इलाज चालत नाही. म्हणून पापण्या मिटताहेत, एकाचे दोन दिसताहेत, गिळता येत नाही, ताप नाही, शुद्ध पूर्ण आहे आणि लुळेपणा वरून खाली उतरतोय, एवढ्यावरच निर्णय घ्यायचा असतो.

रिपोर्ट असतो तो मुख्यतः पेशंटसोबत जेवलेल्यांसाठी, आणि त्याच डबाबंद अन्नाचा डबा अजून ज्यांच्या कपाटात आहे त्यांच्यासाठी. या विषाचे ए, बी, ई असे टाइप असतात. पेशंटच्या सीरममध्ये, म्हणजे रक्तातून वेगळ्या केलेल्या द्रवात, टाइप ए आणि उरलेल्या अन्नातही ए निघाला, की शोध कुठे घ्यायचा ते कळतं. पेशंटमध्ये ए आणि अन्नात बी आला, तर खरं अन्न अजून सापडलेलं नाही असं धरून पुन्हा विचारपूस सुरू करायची.

काम फोनपासून सुरू होतं. सीरम अँटिटॉक्सिनच्या आधी घेतलं का, हा माझा पहिला प्रश्न. नंतरच्या सीरममधलं विष आधीच निष्प्रभ झालेलं असतं, मग निगेटिव्ह रिपोर्टला काही अर्थ राहत नाही. मायस्थेनिया या स्नायू दुबळे करणाऱ्या दुसऱ्या आजाराच्या शंकेने निओस्टिग्मिनसारखं औषध दिलं असेल तर तेही विचारून घ्या, त्याने उंदरांची चाचणी बिघडते. या आजारात बद्धकोष्ठता ठरलेलीच, तेव्हा शौचाच्या नमुन्यासाठी एनिमा द्यावा लागतो. तो निर्जंतुक पाण्याचा आणि जमेल तितक्या कमी पाण्याचा हवा, नाहीतर विष पातळ होऊन हाती लागत नाही. तान्ह्या बाळाचं सीरम बहुधा निगेटिव्हच येतं; तिथे सगळी भिस्त शौचावर.

चाचणीत नमुन्याचा अर्क उंदराच्या पोटात टोचतात. काही उंदरांना तो तसाच, काहींना 100 अंशांवर 10 मिनिटं तापवून, काहींना ए, बी, ई अशा वेगवेगळ्या अँटिटॉक्सिनसोबत. विष असेल तर आधी केस पिंजारतात, मग श्वास जड होतो आणि दर श्वासाला कंबर आत ओढली जाते, मधोमध दोरा आवळल्यासारखी. ती कंबर ओळखायला शिका. नुसता उंदीर मेला म्हणजे बॉट्युलिझम नव्हे, अर्कातल्या दुसऱ्या कशानेही तो मरतो. तापवलेल्या अर्काचे उंदीर जगले आणि बाकीच्यांत फक्त ए अँटिटॉक्सिनवाले जगले, तरच टाइप ए म्हणायचं.

उंदरांचं वाईट वाटतं. ते वाटेनासं झालेल्या माणसाला मी तरी ती पाळी देणार नाही.

स्पेक्ट्रमवाला:
आमच्याकडे मास स्पेक्ट्रोमेट्रीने, म्हणजे रेणूंचं वजन मोजून ते ओळखण्याच्या तंत्राने, सुरुवात होते. विष ज्या प्रथिनाला कापतं त्याचा छोटा तुकडा समोर ठेवायचा आणि तो कुठे कापला गेला ते बघायचं. ए आणि ई दोघंही स्नॅप-25 हे मज्जातंतूतलं प्रथिन कापतात, पण वेगवेगळ्या जागी, त्यामुळे टाइपही कळतो. निकाल काही तासांत येतो आणि बरेच उंदीर वाचतात. जनुक शोधणाऱ्या पीसीआर चाचणीवर एकट्यावर मात्र विसंबू नका. ए विष बनवणाऱ्या काही जिवाणूंत बी चं जनुक नुसतं पडून असतं, त्यातून विष बनत नाही.

जुनीपाळींशी पूर्ण सहमत. 1895 मध्ये बेल्जियममधल्या एलेझेल गावात अंत्यविधीला आलेले वादक हॅम खाऊन आजारी पडले. व्हॅन एर्मेंगेम या शास्त्रज्ञांना त्या हॅममध्ये आणि मृताच्या प्लीहेतही तोच जिवाणू सापडला. अन्न आणि पेशंट यांची जोडी जुळवणं, आपण आजही तेच करतो.

दवबिंदू:
मनापासून आभार. आता घरच्यांसाठी विचारते, मी स्वतः काय जपायचं?

जुनीपाळी:
आधी त्यांना सांगा, हा आजार माणसाकडून माणसाला लागत नाही, आणि धड असलेल्या त्वचेतून विष आत जात नाही. धोका सुईचा, डोळ्यात उडण्याचा आणि हवेत उडालेल्या सूक्ष्म थेंबांचा. वापरलेल्या सुईला टोपण परत लावायचं नाही. सेंट्रिफ्यूजचे झाकणबंद कप सेफ्टी कॅबिनेटमध्येच उघडायचे. सांडलं तर हायपोक्लोराइटने (ब्लीचने) निष्प्रभ करायचं. जिवाणूचे बीजाणू (त्याची चिवट सुप्त रूपं) मात्र नुसत्या उकळण्याला दाद देत नाहीत, तो कचरा 121 अंशांवर ऑटोक्लेव्ह झाल्याशिवाय, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक झाल्याशिवाय, बाहेर जाता कामा नये. आणि विभागात अँटिटॉक्सिन कुठून, कुणाच्या सहीने मिळतं, हे पहिल्याच दिवशी विचारून फोनजवळ लिहून ठेवा. रात्री हॉस्पिटलमधून फोन आला की तेही तुम्हालाच हेच विचारतील.