पाचवा महिना, भाजकी माती खाते, गोळ्याही सोडल्यात

तासगावची_वहिनी:
धाकट्या जावेला पाचवा महिना लागलाय. लपवून भाजकी माती खाते. फोडणी टाकली की उलटी. एचबी (रक्तातलं हिमोग्लोबिन) 9.2 आलंय, लोहाच्या लाल गोळीनं मळमळतं म्हणून तीही बंद केली. सासूबाई म्हणतात, डोहाळे मोडले तर बाळाचे कान फुटतात, खाऊ दे. बेदाणे, खजूर देतोय, तेवढ्यावर भागेल का?

माणदेशी:
कानाचा नि डोहाळ्यांचा काही संबंध नाही. कैरी, चिंच, भडंग मागितलं तर द्या. बीपी असेल तर खारट, लोणचं आवरा. मातीचं वेगळं. खडू, पाटीची पेन्सिल, कच्चे तांदूळ, बर्फ असं खावंसं वाटणं बऱ्याचदा लोह कमी असल्याची खूण असते. वर माती पोटात लोह धरून ठेवते, म्हणजे एचबी आणखी खाली. भाजल्यानं जंतांची अंडी मरतील, मातीतलं शिसं जात नाही.

बेदाण्यावर भागणार नाही, तासगावचा असला तरी! 100 ग्रॅममध्ये लोह जेमतेम दोन-चार मिलिग्रॅम, सरकारी लाल गोळीत 60. गरोदरपणी एचबी 11 च्या खाली गेलं की अ‍ॅनिमिया, म्हणजे रक्त कमी, धरतात आणि 9.2 ला सहसा दिवसाला दोन गोळ्या देतात. किती घ्यायच्या ते डॉक्टरांनाच विचारा, आणि माती खाते हे त्यांना सांगाच, लाजू नका. पहिले तीन महिने उलटल्यावर जंताची अल्बेंडाझोल 400 ची एक गोळी देतात. ती झाली का तेही बघा.

सातारा_नर्स:
लाल गोळी सकाळी उपाशीपोटी देताय का? मग मळमळणारच. रात्री झोपताना, थोडं खाऊन, लिंबूपाण्याबरोबर द्या. चहा, दूध आणि कॅल्शियमची गोळी दोन तास लांब. ही चूक फार घरांत होते: दोन्ही गोळ्या एकदम घेतात, कॅल्शियम लोह शोषू देत नाही आणि महिन्यानं एचबी जागचं हलत नाही. शौच काळी होईल, घाबरू नका. तरीही सोसत नसेल तर शिरेतून लोह देता येतं. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते.

माणदेशी:
फोडणीचं राहिलं. वास गरम अन्नाचाच उठतो, म्हणून तिला गार द्या: दही-भाकरी, दहीभात, गार वरण. ती मागच्या दारी असताना फोडणी उरका. उठल्याउठल्या अंथरुणातच दोन घास कोरडं, पाणी जेवणानंतर अर्ध्या तासानं. मातीची तलफ आली की हातात फुटाणे नाहीतर ज्वारीच्या लाह्या.

तासगावची_वहिनी:
कॅल्शियम आणि लाल गोळी एकदमच देत होतो. दवाखान्यात कधी पळवायचं?

सातारा_नर्स:
दिवसभर पाणीही टिकत नसेल, आठ तास लघवी झाली नसेल किंवा गडद होत असेल, वजन उतरत असेल, बसल्याजागी धाप लागत असेल, तर त्याच दिवशी. नाहीतर महिन्यानं एचबी परत करा. निदान 1 नं वाढलं नसेल तर पुढची तपासणी लागते.