दाभोळ–धोपावे फेरीबोट रस्त्यांच्या जाळ्यात कशी धरायची?

खाडीकाठ: क्यूजीआयएसमध्ये (नकाशांवर विश्लेषण करायचं सॉफ्टवेअर) गावापासून रुग्णालयापर्यंतचा वेळ काढतोय, रस्ते ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशाचे. दाभोळहून गुहागरला जायला फेरीबोट असूनही मार्ग चिपळूणचा वळसा घेतो. का?

नकाशेवाला: बहुधा फेरीची रेषा रस्त्याला नोडवर (रेषा जुळतात त्या बिंदूवर) जोडलेली नाही, आधी ते बघा. मग तिला वेग नको, थेट वेळ द्या: पार करायची मिनिटं अधिक दोन फेऱ्यांमधल्या वेळाचा निम्मा. अर्ध्या तासाला फेरी असेल तर सरासरी थांबा १५ मिनिटं. रात्री फेरी बंद, म्हणून रुग्णवाहिकेसाठी ती रेषा काढून विश्लेषण पुन्हा चालवा. दोन नकाशांतला फरक हाच खरा निष्कर्ष.

घाटवळण: चिपळूण–कराड रस्त्यावरच्या कुंभार्ली घाटाला मैदानी रस्त्याचा वेग ठेवू नका. ताशी २५–३० किमी धरा, पावसाळ्यात त्याहून कमी. आणि सरळ रेषेचं बफर, म्हणजे रुग्णालयाभोवती ठरावीक अंतराचं वर्तुळ? खाडीच्या मुलखात निरुपयोगी.