लोणच्याच्या बाटल्यांची झाकणं पाझरतायत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी यावल तालुक्यातली. आमच्या बचत गटात आम्ही नऊ जणी शेंगदाणा तेलातलं कैरीचं लोणचं घालतो. जळगावपर्यंत विकलं तोवर कधी तक्रार आली नाही. यंदा मे महिन्यात पहिल्यांदाच पुण्याला ६० बाटल्या पाठवल्या, त्यातल्या २१ तेलाने माखून पोचल्या. लेबलं सुटली, खोकी खालून ओली. पैसे परत केले, पण जिवाला फार लागलं.

बाटली काचेची, ६३ मिमी तोंडाची. झाकण पत्र्याचं, चार कानांचं, पाव फेऱ्यात बसणारं. आतून रबरासारखं पांढरं अस्तर. पाझरलेली एक बाटली उघडली तर अस्तरावर काठाचा गोल ठसा एका जागी तुटलेला, आणि नेमका तिथेच मोहरीच्या डाळीचा कण चिकटलेला. पण काही बाटल्यांत ठसा पूर्ण होता, तरी तेल आलंच.

लोणचं पूर्ण गार करून आम्ही पहाटे भरतो, कारण नंतर पत्र्याच्या शेडमध्ये उभं राहवत नाही. भरतो अगदी काठोकाठ, बाटली रिकामी दिसली की गिऱ्हाईक कुरकुरतं. सासूबाई म्हणतात, बरणीला दादरा बांधायचो तेव्हा थेंब सांडला नाही. खरंय, पण ती बरणी कधी फडताळातून हलली नाही.

दुकानदार बाटलीच्या तोंडाला चिकटणाऱ्या चांदीसारख्या चकतीचं सील आणि त्याचं मशीन घ्या म्हणतो. गटाचा पैसा आहे, नीट कळल्याशिवाय हात घालायचा नाही. ते सील याच पत्र्याच्या झाकणात बसेल का?

प्रतिसाद

ताई, मी भुसावळला जॅम आणि सॉस भरण्याच्या कामात आहे. तुमचं झाकण वाईट नाही, ते गरम भरण्यासाठी असतं. आम्ही जॅम ८५ अंशांच्या वर भरतो. वाफेने अस्तर मऊ होऊन काठावर बसतं, आतलं गार झालं की पोकळी तयार होते आणि तीच झाकण ओढून धरते. गार लोणच्यात ही ओढ मिळतच नाही, सगळा भार हाताच्या आवळण्यावर.

त्यात काठोकाठ भरणं. तेल २० अंशांनी तापलं की साधारण दीड टक्का फुगतं. पहाटे भरलेली बाटली दुपारी टेम्पोत तापली की ते वाढलेलं तेल जाणार कुठे? वर बोटभर जागा सोडा. काठ कोरड्या फडक्याने पुसूनच झाकण लावा. वापरलेलं झाकण पुन्हा नको, अस्तरात जुनी खाच असते. आणि दुकानदाराला स्पष्ट विचारा, अस्तर तेलकट पदार्थाला चालणारं आहे ना.

ती चांदीसारखी चकती पत्र्याच्या झाकणात चालत नाही. मशीन चुंबकीय क्षेत्राने चकती तापवतं, मध्ये पत्रा आला तर तोच तापतो. झाकण प्लास्टिकचं, आट्यांचं लागतं. काचेच्या बाटलीची चकती वेगळी, प्लास्टिक बरणीची वेगळी. मशीन आत्ता घेऊ नका, आधी जागा सोडून बघा.

मूळ लेखिका

दादा, फार आभार. आमच्यात दोघी जणी जुनी झाकणं धुऊन वापरत होत्या, ते आज कळलं. नव्या झाकणांच्या १२ बाटल्या बोटभर जागा सोडून भरल्यात आणि गच्चीवर वर्तमानपत्रावर उलट्या ठेवल्यात. दुपारचं ऊन खाऊ देते, संध्याकाळी कागद बघून इथेच लिहिते.